सकाळी की सायंकाळी

४ मार्च, मंगळवार

प्रिय पिपाणी,

अक्षरावरून तू मला ओळखलं असशीलच, तेव्हा फाडायच्या आधी निदान शेवटच्या परिच्छेदापर्यंत ये. पत्र कामाचं आहे. तुझा पत्ता मावशीकडून घेतला. "एकवीस वर्षांनी आज कशाला हवाय?" म्हणाली. म्हटलं, कामासाठी. "तुला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली की," म्हणाली. मावशीच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो, हे तुला ठाऊक आहे.

तर ऐक. या शहराला सध्या गाण्याचं वेड लागलंय. आपण लहान होतो तेव्हा महिन्याला दोन मैफली व्हायच्या, दोन्हीला तीच माणसं आणि तेच खोकले. आता येत्या तीन आठवड्यांत एकतीस कार्यक्रम आहेत! ट्रामच्या जुन्या शेडमध्ये रॉकवाल्यांचे दोन दिवस. फर्निचरच्या दुकानात वरच्या मजल्यावर जॅझ, आणि बसायला विक्रीचेच सोफे. अग्निशमन दलातल्या निवृत्त मंडळींचा बँड नदीच्या पुलावर वाजवणार. इस्पितळातल्या परिचारिकांचं समूहगान आहे, वाचनालयात चौघांचं तंतुवाद्यवादन आहे, आणि महापालिकेच्या रिकाम्या पोहण्याच्या तलावात ते यंत्रांवरचं, धडधडणारं काहीतरी. मी सगळीकडे जाणार आहे. हो, धडधडणाऱ्यालाही. सासष्टाव्या वर्षी मला कुणी अडवून दाखवावं.

आता संतापाचं. आमच्या पेपरानं 'आज शहरात' हे सदर बंद केलं. तीस वर्षं मी ते तपासलं, एका वेलांटीची चूक जाऊ दिली नाही, आणि यांनी ते मोबाइलवर टाकलं. तिथे काय आहे? 'तंतुवाद्य'चं 'जंतुवाद्य'! वाचनालयात चौघे जण जंतुवाद्य वाजवणार, म्हणजे ऐकणाऱ्यांनी लस टोचूनच जायचं. 'प्रवेश विनामूल्य'चा य कुठेतरी सांडला, आणि राहिलं 'प्रवेश विना मूल'. आमच्या तिसऱ्या मजल्यावरची बाई खरोखर आपल्या लेकीला माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, "काकू, मुलं नको म्हणून लिहिलंय हो." मी फोन करून त्यांच्या कचेरीत विचारलं, तुमच्याकडे मुद्रितशोधक नाही का? पलीकडचा म्हणाला, "तो काय असतो?"

म्हणून गेली दोन वर्षं मी स्वतःच यादी काढते. पाठपोट एक कागद. महिन्यातून एकदा छापते आणि वाचनालय, लाँड्री, दंतवैद्याची बाहेरची खोली, आमची लिफ्ट अशा ठिकाणी ठेवते. लोक भरवसा ठेवतात. माझ्या यादीत वेळ सहाची असेल तर सहालाच पडदा वर जातो.

आता काम. मोबाइलवर तुझं नाव दिसलं. रविवार २३ मार्च, बाजारामागच्या गाड्या लावायच्या इमारतीची गच्ची, सातवा मजला. एकल गायन, साथीला एक चेलो. वेळ: सकाळी साडेपाच. माझी पेन्सिल तिथेच थांबली. सकाळी साडेपाचला गच्चीवर गाणं कोण ऐकतं, कबुतरं? हे सायंकाळी असणार, आणि त्या जंतुवाल्यांनी घोळ घातला असणार. तरी विचारते: सकाळी की सायंकाळी? यादी १७ तारखेला छापायला जाते. एक शब्द कळव, पुरे.

मागच्या प्रकाराशी याचा संबंध जोडू नकोस. तुझ्या पहिल्या एकटीच्या मैफलीच्या वेळी आमच्या पेपरात 'सायंकाळी सहा'चं 'सकाळी सहा' झालं, आणि एवढ्या मोठ्या सभागृहात अकरा माणसं आली, याचं मला आजही वाईट वाटतं. पण ती छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक होती, हे मी तेव्हाच कळवलं होतं. आणि मी त्या संध्याकाळी तापानं पडले होते, हेही.

तुझी,
ताई (तू 'खोडरबर' म्हणायचीस ती)


९ मार्च, रविवार

पिपाणी,

उत्तर नाही. बरं. पाच दिवस काही फार नाहीत.

काल पुलावर गेले होते. अगं, काय वाजवलं त्या म्हाताऱ्यांनी! पोटं सुटलेली, एकाला तर पायऱ्या चढवून आणलं होतं, आणि पितळी भोंगे ओठांना लावले मात्र, सगळा पूल थरारला. वाहतूक अडली, तर बसचा ड्रायव्हर खाली उतरून ऐकत उभा राहिला. प्रवासी आधी ओरडले, मग तेही उतरले. मी टाळ्या इतक्या वाजवल्या की अंगठी बोटातून निघून गेली. सापडली. बँडच्या पुढाऱ्याच्या बुटाखाली होती. त्यानं ती परत देताना विचारलं, "मागणी घालताय का बाई?" मी म्हटलं, "आधी दुसऱ्या गाण्यातली तुमची घाई सुधारा, मग बघू."

तुझ्या नोंदीपुढची जागा मी कोरी ठेवलीय.

यादीच्या प्रती मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काढते. ते दुकान कुणाचं आहे, हे सांगायलाच हवं. आमच्या जुळाऱ्याचं आहे. हो, तोच, तुझी नोंद ज्यानं जुळवली तो. खिळे जुळवायचं काम संपलं तेव्हा त्यानं हे मशीन घेतलं. मी दोन वर्षं त्याच्याकडे जाते आणि आम्ही कागदाची जाडी, शाई आणि त्याचे गुडघे याखेरीज बोलत नाही.

शुक्रवारी कच्ची प्रत दाखवायला गेले. त्यानं चष्मा वर केला आणि बोट थेट तुझ्या नोंदीवर ठेवलं.

"इथे वेळ नाही."

"विचारलीय. उत्तर यायचंय."

"तुम्ही विचारलंत?" म्हणाला. "तुम्ही?"

"त्यात एवढं काय?"

"काही नाही बाई. तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, म्हणून म्हटलं." मग मशीनचं झाकण उघडून आत फुंकर मारत म्हणाला, "बहिणीला सांगा, जुळाऱ्यानं विचारलंय. माझ्यावर राग असेल अजून त्यांचा."

मी म्हटलं, राग बिग कुणाचा नाही, आणि घरी आले. दोन दिवस तो माणूस माझ्या डोक्यात झेरॉक्स काढत बसलाय.

एक शब्द कळव. सकाळी की सायंकाळी.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

पिपाणी,

आज आधी गाण्याचं लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल.

तलावातल्या कार्यक्रमाला गेले. कानात कापूस घालून. खोल बाजूला यंत्रं मांडली होती, उथळ बाजूला आम्ही उभे. माझ्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सगळे मला कुणाची तरी आजी समजून वाट देत होते. पहिला ठोका पडला आणि छातीत कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटलं. वाटलं, आता हे इथेच संपणार. दहा मिनिटांनी कापूस काढला. वीस मिनिटांनी, सांगायला लाज वाटते, माझे खांदे हलत होते. शाळेत गाण्याच्या सिस्टरनी मला काय सांगितलं होतं, आठवतं? "तू नुसते ओठ हलव, बाळ. आवाज धाकटीला करू दे." तू आठ वर्षांनी लहान, शाळेच्या कार्यक्रमात पाहुणी म्हणून उभी, आणि पहिल्या दिवशी सगळा हॉल गप्प केलास. मी शेवटच्या रांगेत ओठ हलवत होते आणि तुझ्या शब्दांचे उच्चार तपासत होते. मला तेवढंच जमत होतं, म्हणून ते मी कुणाहीपेक्षा चांगलं केलं.

आता दुसरं.

जुळाऱ्याची चूक नव्हती.

मैफलीच्या दोन दिवस आधी तुझ्या कार्यक्रमाचा कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कार्यक्रमाचं नाव 'पहाट'. त्याखाली वेळ, सायंकाळी सहा. मी वाचलं आणि हसले. पहाट, आणि सायंकाळी? संयोजक गाढव दिसतोय, बरं झालं माझ्या हाती लागला, नाहीतर माझ्या बहिणीची पहिलीच मैफल आणि शहरभर हसू. मी लाल शाईनं 'सायंकाळी' खोडलं आणि समासात 'सकाळी' लिहिलं. ठळक. मला तुझा इतका अभिमान वाटत होता त्या क्षणी! तुझी लाज राखली असं वाटत होतं.

आमच्या धंद्यात साधा नियम आहे. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह घालायचं आणि ज्यानं लिहिलं त्याला विचारायचं. शिकाऊ माणसालाही येतं ते. टेलिफोन माझ्यापासून वीस पावलांवर होता. तुझा नंबर पाठ होता. पण मला शंका नव्हती. मला कधीच नसते. तू सदतिसाव्या वर्षी, दुसऱ्यांच्या मागे उभी राहून गाणं सोडून, पहिल्यांदा एकटी उभी राहणार होतीस, म्हणून ते नाव होतं. हे माझ्या टाळक्यात शिरायला दहा वर्षं लागली.

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी संपादकांनी विचारलं, हे कसं झालं. मी म्हटलं, जुळाऱ्यानं केलं असेल. माझ्या अक्षरातला तो कागद तोवर मीच फाडला होता. जुळारी माझ्याकडे बघत उभा होता, आणि त्यानं एक शब्द उच्चारला नाही. त्याला 'हरवले-सापडले'च्या जाहिरातींवर टाकलं. तीन वर्षं.

काल त्याच्या दुकानात जाऊन हे सगळं तोंडानं सांगितलं. गिऱ्हाईक होतं, तरी सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं 'स' मी झोपेत ओळखतो. शेपटी वर घेता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा चेहरा बघितला. म्हटलं, हिला आत्ता धक्का लावला तर तुटेल." मग हसला. "आणि हरवले-सापडलेमध्ये माझं काही वाईट झालं नाही. बायको तिथेच भेटली. तिची छत्री हरवली होती."

"छत्री सापडली का?"

"नाही ना! त्यासाठी तर रोज येत होती."

मी त्याची माफी मागितली. त्यानं ती घेतली आणि म्हणाला, "आता खऱ्या माणसाकडे मागा. आणि ती नोंद, त्यांचं उत्तर आल्याशिवाय मी वेळ घालून छापणार नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही."

मला धमक्या दिलेल्या चालत नाहीत. पण त्याचं बरोबर आहे.

तेव्हा खऱ्या माणसाकडे मागते. चूक माझी होती, ती मी तुझ्यापासून लपवली, आणि दुसऱ्याच्या गळ्यात घातली. तुला वाटलं असेल की ताईला आपलं गाणं नको होतं, म्हणून मुद्दाम केलं. मला तेही चाललं, पिपाणी. बघ कशी आहे मी. एकवीस वर्षं तुझ्या नजरेत दुष्ट ठरायला मी तयार होते, पण चुकलेली ठरायला नव्हते.

यादी सोमवारी दुपारी छापायची आहे.

ताई


१७ मार्च, सोमवार

पिपाणी,

दुपारी तीनपर्यंत पोस्टमनची वाट बघितली. त्यानं विजेचं बिल दिलं आणि वर "काकू, रागावू नका, मी फक्त आणतो" असंही म्हणाला. मी काही बोललेही नव्हते.

यादी छापली. तुझ्या नोंदीपुढे वेळेच्या जागी एक प्रश्नचिन्ह आहे. एवढं मोठं. छापील कागदावर मी माझ्या हातानं प्रश्नचिन्ह सोडायची ही पहिली वेळ, आणि बघवत नव्हतं. जुळाऱ्यानं मात्र पहिली प्रत उचलून लांब धरली आणि म्हणाला, "छान दिसतंय."

चारला कागद वाटले. पाचपासून बेल वाजतेय. दंतवैद्य स्वतः आला, तोंडावर मास्क तसाच. "बाई, रविवारचं ते प्रश्नचिन्ह काय आहे?" मी म्हटलं, प्रश्न आहे. तिसऱ्या मजल्यावरची बाई विचारून गेली, मुलांना चालेल का. लाँड्रीवाला म्हणतो, तुमच्या यादीत कधी नसतं ते, म्हणजे काहीतरी खासच असणार, दोन तिकिटं काढली. तिकीटघरात आज संध्याकाळी रांग लागली म्हणे! लोकांना वेळ ठाऊक नाही तर तिकिटं काढताहेत. तीस वर्षं मी अचूक वेळा छापल्या आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. हे कळल्यावर माझा आयुष्यभराच्या कामावरचा विश्वासच उडायचा, पण मला गंमत वाटतेय. काय झालंय मला?

संध्याकाळी परिचारिकांचं समूहगान ऐकलं. इस्पितळाच्या दर्शनी भागात, अपघात विभागाच्या पाट्यांखाली. चाळीस जणी, पायात त्याच पांढऱ्या चपला. मध्येच एकीला आतून बोलावणं आलं. ती गात गातच गेली, आणि दार मिटेपर्यंत तिचा सूर ऐकू येत होता. बाकीच्यांनी तिच्या जागेचा सूर भरून काढला. कुणी कुणाला खूणही केली नाही. मी रडले नाही. माझ्या शेजारची जी बाई रडत होती तिला मी रुमाल दिला, आणि मग मला उरला नाही एवढंच.

आई गेली तेव्हा आपण दोघी एका खोलीत चार तास होतो. तू मला एकच वाक्य बोललीस, "चहा आहे का?" मी म्हटलं, "आहे." त्यातही मला वाटलं, की मी बरोबर उत्तर दिलं.

ताई


२० मार्च, गुरुवार

पिपाणी,

तुझं कार्ड आलं! आलं, आलं, आलं. पोस्टमनच्या हातातून खेचून घेतलं. जिन्यातच वाचलं. उतरवून काढते, कारण दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचा सराव मला करायला हवा.

"ताई, सकाळी साडेपाचच. मोबाइलवर बरोबर आहे. उजाडताना गायचंय. छाप. वेळ तू बदललीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. न विचारता एवढ्या ठणकावून दुसरं कोण बदलणार? त्याचा राग चार दिवस टिकला. मी अकरा माणसांसमोर गायले आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवली होती. तुला ताप नव्हता. आई म्हणाली होती. तू का आली नाहीस? एवढंच विचारायचं होतं. पिपाणी."

वाचून आधी आनंद झाला आणि मग अशी चिडले! म्हणजे काय, एकवीस वर्षं मी भलत्याच गुन्ह्याची शिक्षा भोगली? मी वेळेचा विचार करून कुढतेय, आणि तू खुर्चीचा? सांगायचंस की! कुणाला तरी पाठवून, पत्रानं, मावशीच्या तोंडून. मावशी तर गावभर सांगते. आणि मला ताप नव्हता हे आईनं तुला सांगितलं? जाता जाता तिनं बरोबर माझं पितळ उघडं पाडलं. आणि सकाळी साडेपाच, सातव्या मजल्यावर, ही काय गायची वेळ झाली? तुझ्या घशाचं काय? चेलोवाल्याची बोटं आखडतील.

जुळाऱ्याकडे धावत गेले. धावत, म्हणजे माझ्या वेगानं. त्यानं मशीन चालू करून ठेवलं होतं, जसा काही कुणी फोन केला होता. प्रश्नचिन्हाच्या जागी 'सकाळी ५.३०' घालून नव्या प्रती काढल्या. त्यानं मला अक्षर न् अक्षर तपासायला लावलं. "बाई, नक्की ना?" म्हणाला. मी कार्ड त्याच्यासमोर धरलं. "लेखी आहे," म्हटलं. दोघं जण मिळून जुन्या प्रती गोळा करत संध्याकाळपर्यंत हिंडलो. लाँड्रीवाला ती प्रश्नचिन्हवाली परत द्यायला तयार नाही.

का आले नाही, ते लिहीन. आज नाही. बरं नव्हतं असं समज.

ताई


२२ मार्च, शनिवार
तुझ्या हॉटेलच्या खालच्या दालनातून

पिपाणी,

बरं नव्हतं असं समजू नकोस.

हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही, उद्यापर्यंत पोचणार नाही. इथल्या काउंटरवरून कागद मागून घेतला आणि समोरच्या सोफ्यावर बसून लिहितेय. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम दुपारी आल्या, वर आराम करताहेत. फोन लावून देऊ?" मी म्हटलं, नको, आधी लिहू दे. त्यानं मला पेन दिलं ते नीट चालत नाही. त्याला सांगितलं. दुसरं दिलं.

तर तुझा प्रश्न.

तुझ्या मैफलीच्या दिवशी मी चार वाजता उठले. पहाटे चार. राखाडी कोट नुकताच शिवून आणला होता, तो घातला, केस दोनदा विंचरले, पहिली बस पकडली. माझ्याच खोडलेल्या अक्षरावर माझा एवढा विश्वास होता. सहाला दहा कमी असताना सभागृहाच्या फाटकाशी पोचले. फाटकाला कुलूप. बाहेर तीसेक माणसं उभी, थंडीनं हात चोळत. एका बाईनं म्हाताऱ्या वडलांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, दोन बस बदलून. "यांना पहाटेची गाणी फार आवडतात," म्हणाली मला.

आतून रखवालदार आला, तोंडात ब्रश. "कार्यक्रम संध्याकाळी आहे."

"पेपरात सकाळी छापलंय!" कुणीतरी म्हणालं.

"मग पेपरात जाऊन ऐका," म्हणाला तो, आणि थुंकून आत गेला.

माणसं चिडली. आणि त्या सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं, सांगू? मी. "काय गाढवं बसवलीयेत छापायला!" असं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाकाच्या खुर्चीतले आजोबासुद्धा. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला समजलं, लाल शाई कुणाची होती ते.

परत जाताना त्या बाईनं मला विचारलं, "संध्याकाळी येणार का तुम्ही?" मी म्हटलं, "हो तर." ती म्हणाली, "आम्हाला नाही जमणार. पुन्हा दोन बस यांना झेपत नाहीत."

संध्याकाळी आले होते गं मी. कोट घालून. सभागृहासमोर औषधाचं दुकान होतं, त्यात उभी राहिले. आत जाणारी माणसं काचेतून मोजली. अकरा. तुला कधी वाटलं नाही, ताईला आकडा कसा ठाऊक? दुकानदारानं तीनदा विचारलं, काय हवंय. शेवटी मी डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या. अकरावा माणूस उशिरा आला आणि त्यानं दार उघडलं तेव्हा तुझा आवाज रस्त्यापर्यंत आला. दोनच ओळी. दार बंद झालं. मी अर्धा रस्ता ओलांडला होता. मग वाटलं, आत गेले की ती माझ्याकडे बघेल, आणि मी तिच्याकडे बघून खोटं बोलू शकणार नाही. म्हणून परतले, आणि आईला सांगितलं ताप आहे. मी झोपल्यावर तिनं कपाळाला हात लावून बघितला असणार. तिनं मला काही विचारलं नाही. आपल्या घरात कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत असायचं, आणि ते चूक असायचं.

म्हणजे एकूण हे असं आहे. तुला ऐकायला त्या दिवशी मी दोनदा आले. एकदा चुकीच्या वेळी आणि एकदा बरोबर वेळी. आणि दोन्ही वेळा बाहेर राहिले.

आता उद्याचं. तिकिटं संपलीत! सकाळच्या साडेपाचची तिकिटं, संपली! तिकीटघरातली मुलगी म्हणाली की असं कधी झालं नव्हतं. आमच्या इमारतीतले सतरा जण येताहेत, लेकीसकट तिसऱ्या मजल्यावरची. रात्रपाळी संपवून काही परिचारिका थेट येणार आहेत. बँडचा पुढारी येतोय आणि म्हणतो, दुसऱ्या गाण्यातली घाई सुधारली. जुळारी बायकोला घेऊन येतोय, त्यानं दोन थर्मास भरून आणायचं कबूल केलंय. त्याची बायको छत्रीही आणणार आहे, आकाश निरभ्र असूनही. दंतवैद्य विचारत होता, गच्चीवर वारा असेल तर आवाज पोचेल का. मी म्हटलं, आमच्या पिपाणीचा आवाज तुमच्या ड्रिलवरूनही पोचेल.

मला आणखी बरंच लिहायचं होतं. उच्चारांबद्दल दोन सूचनाही होत्या, त्या गिळल्या. काउंटरवरचा माणूस मघापासून माझ्याकडे बघतोय. हे पत्र त्याच्या हाती देते आणि सांगते, लगेच वर पोचवा आणि उत्तर घेऊनच खाली या.

मी इथे खाली आहे. जिन्यासमोरच्या सोफ्यावर.

वर येऊ का?

ताई